प्राचीन ग्रीक लोक क्रेन, कप्पी आणि रहाटाला काय म्हणत?

तुम्ही विचारलंय की 'क्रेन' हा शब्द मुळात ग्रीक आहे का, आणि नसेल तर जड दगड उचलायच्या, दोर ओढायच्या यंत्रांना प्राचीन ग्रीक लोक काय म्हणत. मी कारखान्यांत जड मशिनं उतरवून बसवायचं काम करतो आणि गेली काही वर्षं ग्रीक शिकतोय, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

क्रेन हा इंग्रजी शब्द. मुळात ते एका पक्ष्याचं नाव, लांब मानेच्या क्रौंचाचं. ग्रीकांनीही हेच केलं होतं. त्यांच्या भाषेत क्रौंच म्हणजे 'गेरानोस', आणि नाटकात नटाला वर उचलून नेणाऱ्या यंत्रालाही गेरानोस हे नाव मिळालं. क्रेन आणि गेरानोस हे दोन्ही शब्द एकाच जुन्या मुळातून फुटलेले आहेत, म्हणजे नात्याने चुलत भावंडं. आर्किमिडीजने सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहराच्या तटावरून रोमन जहाजांची नाकाडं धरून उचलली, त्याचं वर्णन करताना ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लोखंडी हातांबरोबर क्रौंचाच्या चोचीसारख्या जबड्यांचाही उल्लेख करतो. बूम, म्हणजे लांब हात, खाली करून हूक लोंबकळत असलेली क्रेन ज्याने लांबून पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

यंत्र या अर्थाचा सर्वसाधारण शब्द 'मेखाने'. त्याचा मूळ अर्थ युक्ती, उपाय. ग्रीकच्या डोरिक बोलीत तो 'माखाना' होतो, त्यावरून रोमनांनी 'माखिना' केलं आणि तिथून आपलं मशीन आलं. अथेन्सच्या नाट्यगृहात मात्र नुसतं मेखाने म्हटलं की उचलायचं यंत्रच समजायचं. इ.स.पू. 421 मधल्या अॅरिस्टोफेनिसच्या 'शांती' या नाटकात एक शेतकरी भल्यामोठ्या शेणकिड्यावर बसून देवांकडे निघतो आणि अधांतरी असतानाच यंत्र चालवणाऱ्याला ओरडून सांगतो, बाबा, नीट लक्ष दे. हे वाचलं तेव्हा मला आमचे क्रेनवाल्याला सिग्नल देणारे खलाशी, म्हणजे जड माल हलवणारे कामगार, आठवले. लोड हवेत असताना जमिनीवरचा माणूस जेवढा महत्त्वाचा असतो, तेवढं त्या क्षणी दुसरं कुणीच नसतं.

कप्पीला 'त्रोखिलिया' म्हणत. चाक म्हणजे 'त्रोखोस', आणि ते 'त्रेखो' या धावण्याच्या क्रियापदावरून आलेलं. आपणही बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीला धाव म्हणतो, तेव्हा मराठी माणसाला हा शब्द परका वाटायला नको.

कप्प्यांच्या जोडणीची नावं मात्र हिशेबी माणसांनी ठेवलेली दिसतात. 'स्पाओ' म्हणजे ओढणे. तीन कप्प्यांचा 'त्रिस्पास्तोस', पाचांचा 'पेन्तास्पास्तोन', पुष्कळांचा 'पोलिस्पास्तोन'. इ.स.पू. पहिल्या शतकातला रोमन स्थपती विट्रुव्हियस आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात लॅटिन लिहितानाही हीच ग्रीक नावं देतो. त्रिस्पास्तोसमध्ये वरच्या ठोकळ्यात दोन कप्प्या, खालच्यात एक. वजन तीन दोरांवर वाटलं जातं, म्हणून 300 किलोचा दगड घर्षण सोडून 100 किलोच्या ओढीने उचलतो. पण तो एक मीटर वर न्यायला दोर तीन मीटर ओढावा लागतो. आम्ही आजही साइटवर आधी हेच विचारतो, किती फॉल लावलेत, म्हणजे वजन किती दोरांवर वाटलंय?

मला खरी ओढ आहे ती दुसऱ्या प्रकारच्या नावांची. जे काम आधी कुणीतरी अंगमेहनतीने करत होतं, त्याचंच नाव यंत्राला दिलेलं. जमिनीत उभा खांब, त्याला आडवे दांडे, ते ढकलत माणसं गोल फिरतात आणि दोर गुंडाळला जातो, या यंत्राचं नाव 'एर्गातेस', म्हणजे मजूर. आजच्या ग्रीक भाषेतही कामगाराला हाच शब्द आहे आणि जहाजाचा नांगर ओढणाऱ्या यंत्रालाही हाच.

आणि आडव्या रुळाचा रहाट म्हणजे 'ओनोस'. ओनोस म्हणजे गाढव. त्याला आपल्या रहाटासारखी वाकवलेली मूठ नसे. रुळाला भोकं पाडून त्यांत लांब दांडे घालायचे आणि एकेक दांडा खाली दाबत रूळ फिरवायचा. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या यंत्रविषयक प्रश्नांच्या ग्रंथात विचारलंय की तेवढ्याच जोराने जाड ओनोसपेक्षा बारीक ओनोस सोपा का फिरतो. उत्तर तुम्हाला ठाऊक असेल. रूळ जितका बारीक, तितका दांड्याचा फायदा जास्त. ग्रीक वैद्य हिप्पोक्रातिसच्या परंपरेतल्या अस्थिभंगावरच्या ग्रंथात वैद्य सांगतो की माणसाने रचलेल्या साधनांत तीन सर्वांत बलवान आहेत: ओनोस फिरवणं, तरफ लावणं आणि पाचर ठोकणं. तो हे हाडं जागेवर बसवण्याच्या संदर्भात बोलतोय.

इ.स.पू. 480 मध्ये इराणी सम्राट झर्क्सिसने आशिया आणि युरोपमधल्या हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवर जहाजांचे दोन पूल बांधले, एकात 360 आणि दुसऱ्यात 314 जहाजं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की किनाऱ्यावर लाकडी ओनोस लावून त्यांचे दोरखंड ताणले होते. प्रत्येक पुलाला दोन जवसाच्या धाग्याचे आणि चार पपायरसचे. जवसाचा दोरखंड हातभर लांबीला एक टॅलेंट, म्हणजे साधारण 26 किलो भरे. मी वायर रोप ओढली आहे, म्हणून हा आकडा वाचून थोडा वेळ थांबलो. तसला दोरखंड पाण्यावरून ताठ करायचा तर किती ओनोस आणि प्रत्येकावर किती माणसं लागली असतील!

तुम्ही अनुवाद वाचत असाल तर एक सांगतो. अनुवादात 'विंच', म्हणजे दोर गुंडाळून ओढणारं यंत्र, दिसलं की मूळ शब्द शोधा, तिथे बऱ्याचदा हे गाढव लपलेलं असू शकतं. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सशी चाललेल्या युद्धात सिराक्यूजच्या लोकांनी बंदरात आपल्या जहाजांपुढे समुद्राच्या तळात खांब ठोकले होते. अथेन्सवाल्यांनी लाकडी बुरुज चढवलेलं एक मोठं जहाज तिथपर्यंत नेलं. लहान होड्यांतून खांबांना दोर बांधले आणि ते उपसून काढले. या उपसण्याला इतिहासकार थ्युसिडिडीज जे क्रियापद वापरतो ते ओनोसवरून बनवलेलं आहे, गाढवाचंच क्रियापद. काही खांब पाण्याखाली बुडलेले होते, त्यांच्यासाठी पाणबुडे पैसे घेऊन खाली उतरले आणि त्यांनी ते करवतीने कापले. सिराक्यूजवाल्यांनी नंतर पुन्हा दुसरे खांब ठोकले.