आयटीआय केलं की आयुष्यभर कमीच पगार मिळतो का?

दहावीला 72 टक्के आहेत, फिटर ट्रेड मिळतोय, पण घरचे म्हणतात आयटीआयवाला पगारात कायम मागेच राहतो, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. साफ खोटं आहे. मी स्वतः फिटर आहे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत पर्मनंट.

मी आयटीआयला नाव घातलं तेव्हा काकांनी भर मांडवात वडिलांना ऐकवलं होतं, "पोराला जन्मभर पाना धरायला लावणार का?" वडील खाली मान घालून जेवत राहिले. काकांनी त्यांच्या मुलाला खाजगी कॉलेजातून मेकॅनिकल करवलं, फीसाठी एक एकर रान विकलं. पास झाल्यावर त्याला आयटीत साडेतीन लाखांचं पॅकेज मिळालं. त्यातच कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरी बघून मिळणारा भाग, धरलेलं. हातात पंचवीस हजारही येत नव्हते आणि त्यातून हिंजवडीची खोली अन् मेस भागवायची. मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज गेली कित्येक वर्षं याच आकड्याच्या आसपास आहे.

मी अप्रेंटिसशिप केली, मग काही वर्षं ठेकेदाराकडे काढली, नंतर पर्मनंट झालो. आमच्याकडे दर तीन वर्षांनी युनियनचा करार होतो, ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो. शॉपवरचा इंजिनिअर स्टाफमध्ये मोडतो, तो रात्री दहापर्यंत थांबला तरी त्याला ओव्हरटाइम नाही. काका आजही मुलाचा पगार वर्षाचा सांगतात आणि माझा महिन्याचा विचारतात. आमचं रान मात्र अजून आमच्याच नावावर आहे.

शिक्षणाने फरक पडतच नाही असं नाही. सरकारी नोकरीत तो कागदावर दिसतो. सातव्या वेतन आयोगात रेल्वेचा असिस्टंट लोको पायलट, ज्याला दहावी आणि आयटीआय चालतं, 19,900 बेसिकवर लागतो. डिप्लोमावाला ज्युनिअर इंजिनिअर 35,400 वर. महागाई भत्ता दोघांनाही त्यावर वरून मिळतो. खाजगीत मात्र कंपनी कुठली आणि तुम्ही पर्मनंट की ठेक्यावर, यावरच सगळं ठरतं. त्याच मशीनवर तेच काम करणाऱ्या ठेक्याच्या पोराला माझ्या निम्माही पगार नाही, आणि हा अन्याय आहे.

हेही सांगायला हवं की हल्ली पर्मनंटच्या जागा फार कमी निघतात. चांगल्या सरकारी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळत असेल तर खुशाल जा, दहा वर्षांनी तो माणूस माझ्या बराच पुढे असतो. आणि दोन वर्षांचा ट्रेड पास झालात की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, तिथून पुढे डिग्रीलाही. घरच्यांना हे सांगा. आणि फीसाठी कुणी जमीन विकायला निघालं, तर आधी त्या कॉलेजातून गेल्या वर्षी पास झालेल्या चार पोरांच्या सॅलरी स्लिपा मागा, त्यावरचा हातात आलेला आकडा बघा.