देगलूरच्या विहिरीतला पट्ट्यापट्ट्यांचा दगड

प्रश्न : सर, आमचं शेत देगलूर तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीजवळ आहे. यंदा विहीर खोदताना मुरमाखाली गुलाबी-पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांचा दगड लागला. मामाच्या गावी, परभणीकडं, सगळा काळाच दगड. शेजारी म्हणतात, हे जुन्या तळ्याच्या गाळाचे थर. खरं का? – एक शेतकरी

उत्तर : गाळ थराथरानंच बसतो, त्यामुळं शेजाऱ्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण हे पट्टे पाण्यानं घातलेले नाहीत. वर्णनावरून हा नाईस, म्हणजे पट्टिताश्म. मूळचा बहुधा ग्रॅनाइटच्या जातीचा. जमिनीच्या पोटात कित्येक किलोमीटर खोल, सहाशे अंशांपुढच्या उष्णतेत तो दाबला गेला, आणि दाबही सगळ्या बाजूंनी सारखा नव्हता. खडक बहुतांशी घनच राहिला, पण आतली खनिजं नव्यानं वाढली आणि जिकडून दाब जास्त, त्या दिशेला आडवी होऊन रांगेनं बसली. अभ्रक, हॉर्नब्लेंड काळ्या पट्ट्यांत. गारगोटी, फेल्स्पार फिकट पट्ट्यांत. गुलाबी रंग फेल्स्पारचा.

ताजा फुटलेला तुकडा धुऊन भिंगाखाली धरा. वाळूच्या दगडात सुटे कण एकमेकांना चिकटलेले दिसतात. इथं स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतील. फिकट पट्ट्यावर चाकूचा ओरखडा उठणार नाही.

मामांकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तुमचा दगड अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा. लाव्हा याच जुन्या जमिनीवर पसरला. नांदेडच्या तुमच्या टोकाला त्याचे थर पातळ होते, ते झिजून गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधकांनी खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटर बेसाल्टच्या खाली असाच पट्ट्यांचा खडक निघाला. मराठवाडा म्हणजे काळा दगड, एवढंच मुलांना सांगून आपण थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं. देगलूर-बिलोलीच्या पोरांना तर हा पुरावा पायाखालीच आहे.

आता विहिरीचं. या खडकात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या भागात आणि भेगांत. अखंड दगडात जवळपास नाहीच. भेगा कुठून कुठं जातात, ओल कुठं आहे, ते आधी पाहा. खाली सलग दगड असेल तर नुसती खोली वाढवून पाणी वाढेलच असं नाही. सुरुंगाचा खर्च करण्याआधी भूजलाच्या जाणकाराला एकदा शेतावर आणा.