मिश्रणाच्या गणितात गुणोत्तर उलटं का येतं?

तुमचं उदाहरण असं आहे: 40 रुपये आणि 60 रुपये किलोचे तांदूळ मिसळून 70 रुपये किलोने विकले, नफा 25 टक्के झाला, तर मिसळण्याचं प्रमाण काय? तुम्हाला 4:1 येतंय, उत्तर 1:4 आहे आणि फुलीची रीत (दोन भाव वर, मिश्रणाचा भाव मध्ये लिहून तिरक्या वजाबाक्या करायची) तर पाठ आहे.

माझं स्पष्ट मत आहे की ती फुली काही दिवस बाजूला ठेवा. कोणती वजाबाकी कोणाखाली लिहायची हे विसरलं की सगळंच उलटतं.

आधी 70 हा विक्रीचा भाव आहे हे बघा. मिसळायची असते ती खरेदी. 70 ला 1.25 ने भागलं की 56 मिळतात, म्हणजे मिश्रण दुकानदाराला 56 रुपये किलोने पडलं. इथे 70 हा आकडा 40 आणि 60 च्या बाहेरचा असल्यामुळे चूक लगेच दिसते. पण विक्री 55 ने आणि नफा 10 टक्के असता तर? 55 हा दोन भावांच्या मधलाच आकडा. तो तसाच वापरला तर 1:3 येतं, खरं उत्तर मात्र 1:1. परीक्षेत नेमकी अशीच उदाहरणं फसवतात.

आता 56 धरून विचार करा. स्वस्त तांदळाच्या प्रत्येक किलोमागे 16 रुपये वाचतात, महागाच्या प्रत्येक किलोमागे 4 रुपये जास्त जातात. एका किलोत वाचलेले 16 रुपये संपवायला महागाचे चार किलो लागतात. म्हणून स्वस्त 1, महाग 4. पडताळा: 40 + 240 = 280, भागिले 5, बरोबर 56. शिवाय 56 हे 60 च्या जवळ आहे, तेव्हा महाग तांदूळच जास्त असणार. एवढं पाहिलं असतं तरी 4:1 खटकलं असतं.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) सोन्याचं असंच गणित आहे: 13, 12, 11 आणि 10 वर्णांचं (वर्ण म्हणजे सोन्याची शुद्धता) सोनं अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 माषे (माषा हे जुनं वजन) घेऊन एकत्र वितळवलं, तर वर्ण किती? वजन गुणिले वर्ण यांची बेरीज 240, एकूण वजन 20, उत्तर 12. फुलीची गरजच पडत नाही.

‘सारख्याच रुपयांचे’ दोन्ही तांदूळ घेतले असं असेल तर जपून. 120-120 रुपयांचे घेतले तर 3 किलो आणि 2 किलो येतात, सरासरी भाव 48 पडतो, 50 नाही.

तीन प्रकारचे तांदूळ असतील तर उत्तर एकच नसतं. 40, 60 आणि 75 चे मिसळून 56 चा भाव 6:5:4 नेही येतो, 5:1:4 नेही. अशा प्रश्नात आणखी एखादी अट दिलेली असते, ती आधी शोधा. नुसतं ‘कोणतं प्रमाण चालेल’ असं विचारलं असेल, तर पर्याय एकेक घालून बघणंच सोपं.