पल्ला, टप्पा आणि 'मारकशक्ती'

एका अनुवादक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्यापुढच्या मजकुरात म्हटलं होतं, की शॉटगन (एका बारात अनेक छर्रे उडवणारी बंदूक) रायफलसारखी लांबवर चालत नाही, पण तिची 'स्टॉपिंग पॉवर' मोठी असते. त्यांनी मराठीत लिहिलं: "बंदुकीचा मारा कमी, पण मारकशक्ती जास्त." वाक्य वाचायला बरं आहे, तरी त्यांना ते खटकतंय. नेमकं काय चुकतंय, असं त्या विचारतात.

ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. तीन शब्द तपासायला हवेत.

पहिला 'बंदूक'. रायफलही बंदूकच, त्यामुळे नुसत्या 'बंदुकी'ने वाक्यातली तुलनाच उभी राहत नाही. या शब्दाचं मूळ मात्र इथे फार गोड आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे एक कवचाचं फळ, हेझलनट. त्याच्या आकारावरून धनुष्याने मारायच्या लहान गोळ्यांना ते नाव पडलं आणि पुढे गोळी फेकणाऱ्या हत्यारालाच चिकटलं. म्हणजे शब्दाच्या पोटातच छर्रा आहे! शॉटगनला 'छर्ऱ्यांची बंदूक' म्हणायला माझी हरकत नाही, पण ते ऐकून अनेकांच्या डोळ्यांपुढे एअर गन येते. म्हणून 'शॉटगन' तसाच ठेवावा, किंवा 'बारा बोरची बंदूक' म्हणावं. यातला बारा हा आकडा नळीच्या मापाचा आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोरची, साधारण 18.5 मिलिमीटर. त्यामुळे वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा बारीक असते. अनुवादात हे हमखास उलटं होतं.

दुसरा 'मारा'. माऱ्यात अंतर येतं, तसा भडिमारही येतो. गोळ्यांचा मारा, पाण्याचा मारा. 'मारा कमी' वाचल्यावर गोळ्या कमी सुटतात असंही वाटू शकतं. अंतरासाठी आपल्याकडे दोन चांगले शब्द आहेत आणि त्यांत फरक आहे. तोफ 'लांब पल्ल्याची' असते; सावज मात्र 'टप्प्यात' येतं. पल्ला म्हणजे हत्यार कुठवर पोचतं. टप्पा म्हणजे जिथवर नेम लागून काम होतं. हा भेद काटेकोर पाळणारे थोडे, पण इथे तो पाळावाच. शॉटगनचा सहा नंबर मापाचा छर्रा जेमतेम पावणेतीन मिलिमीटरचा. तो नळीतून सेकंदाला 400 मीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि 40 मीटरवर वेग जवळपास निम्म्यावर येतो, कारण हलक्या, गोल दाण्याला हवा लगेच अडवते. शिवाय छर्रे पांगतात. म्हणून टप्पा 35-40 मीटर. पल्ला मात्र 200 मीटरच्या पुढे. रायफलच्या नळीत आतून मळसूत्री आटे असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते आणि ती सरळ जाते. लष्करी 7.62 मिलिमीटर रायफलचा टप्पा शेकडो मीटरांत मोजतात, पल्ला तीन किलोमीटरच्या पुढे. पिस्तुलाची गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाऊ शकते, पण त्याचा टप्पा पन्नासेक मीटरच धरतात.

आता 'मारकशक्ती'. खरी चूक इथे आहे. मारक म्हणजे जीव घेणारं. स्टॉपिंग पॉवर म्हणजे अंगावर येणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवण्याची ताकद, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे कळल्यावरच ती कल्पना पुढे आली. फिलिपाइन्समधल्या लढायांत अमेरिकी सैनिकांचा अनुभव असा, की .38 (हे माप इंचात) रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही समोरचा माणूस धावत येऊन वार करायचा. पुढे तो मरेलही, पण तोवर सैनिक गेलेला असे. मग 1904 मध्ये चाचण्या झाल्या आणि .45 पेक्षा लहान गोळी नको असा निष्कर्ष निघाला. 1911 चं प्रसिद्ध पिस्तूल त्याच मापाचं आहे. तेव्हा त्या गोळ्या मारक होत्याच, थोपवणाऱ्या नव्हत्या.

मराठीत 'थोपवणे' हे क्रियापद यासाठी जणू तयारच आहे. पूर थोपवतात, हल्ला थोपवतात. समोरून काहीतरी चाल करून येतंय हे त्यात गृहीतच असतं. 'रोधनक्षमता' असा शब्द घडवता येईल, पण मला तो नळाच्या तोटीला शोभेलसा वाटतो. 'थोपवण्याची ताकद' लिहावं.

'उडवून लावण्याची ताकद' असंही कुणी लिहितं; ते टाळा. गोळी माणसाला मागे फेकत नाही. जेवढा धक्का छर्ऱ्यांना पुढे मिळतो, जवळपास तेवढाच दस्त्यातून झाडणाऱ्याच्या खांद्याला बसतो, आणि तो काही उडून पडत नाही. थांबणं घडतं ते जखमेमुळे. जाड छर्ऱ्याच्या बारा बोर काडतुसात साधारण साडेआठ मिलिमीटरचे आठ-नऊ दाणे असतात. जवळून ते एकदमच लागतात, म्हणून परिणाम मोठा. पण दहा मीटरवर त्यांचा घेर वीतभरच असतो, तेव्हा नेम धरावाच लागतो.

तर वाक्य असं करा: "शॉटगनचा टप्पा रायफलपेक्षा बराच कमी, पण टप्प्यात आलेल्याला थोपवण्याची तिची ताकद मोठी." मात्र मूळ मजकुरात छर्ऱ्यांऐवजी एकाच जड गोळीच्या काडतुसाबद्दल बोलणं असेल, तर 'बराच' काढून टाका, ती गोळी शंभरेक मीटरपर्यंत काम करते.