गार्डन नंतर मागा, आधी ओढा नकाशावर आणा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूची तुमची कॉलनी, शहराच्या नव्या विकास आराखड्यासाठी (कुठली जागा कशाला ठेवायची हे ठरवणारा नकाशा) रविवारी मीटिंग, आणि यादीत गार्डन, पार्किंग, फ्लायओव्हर, हद्दवाढ सगळंच आलंय, त्यातलं पहिलं काय मागायचं असं विचारलंय. मी तीस वर्षं बांधकाम परवान्याचे नकाशे काढतोय, त्यामुळं थोडं लांबण लागेल, पण शेवटपर्यंत वाचा.

पहिलं पाणी. बाकी सगळं त्याच्या मागनं.

कोल्हापुरात जागेचा कुठलाही निर्णय पाण्यावरच येऊन थांबतो. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्याही पुढं, आणि धोका पातळी आहे ४३. लोक म्हणतात नदी आली. पण मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ उभा होतो, तिथं नदी समोरनं आलीच नव्हती, जयंती नाल्यातनं आणि गटारीच्या चेंबरमधनं उलटी वर येत होती. गणपती महिन्याभरावर आलेले. निम्मा रंग झालेल्या मूर्ती पोरं छातीशी धरून जिन्यावरनं वर चढवत होती, खाली राहिलेल्या शाडूच्या मूर्तींचा पायापासनं चिखल व्हायला लागलेला. एक म्हातारे कुंभार नुसते दारात उभे होते, कुणाशी बोलत नव्हते. ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरनं अजून जात नाही.

आता हा जयंती नाला येतो कुठनं? तुमच्याच कळंब्याच्या अंगानं. तिथनं शहरातनं वळसे घेत हुतात्मा पार्क, लक्ष्मीपुरी, दसरा चौक करत पंचगंगेला. म्हणजे वर तुमच्याकडं ओढ्यात खरमातीचा, म्हणजे बांधकामाच्या राडारोड्याचा, एक डंपर पडला की त्याचा त्रास खाली शाहूपुरीला. पूररेषा तुम्हाला माहिती असतील, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतला, निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटी घालून. पण या रेषा नदीच्या. वरच्या बारक्या ओढ्याला तसली रेषा कोण मारणार? सातबाऱ्यावर खराबा (पिकाला न येणारी जमीन) म्हणून दोन-चार गुंठे लिहिलेले असतात, लेआउट पडताना, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडताना, तेवढंच गायब होतं, ओढा पाइपात जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाइप तुंबतो. आणि बुजवलेली जागा पाणी विसरत नाही. गांधी मैदान बघा, तिथं वरुणतीर्थ तळं होतं, ते बुजवून मैदान झालं, आज पण पावसाळ्यात तिथं तळं होतंच. कपिलतीर्थ बुजवून मंडई झाली. जुन्या लोकांनी केलं तेव्हा शहर लहान होतं, आता तेवढी सूट आपल्याला नाही.

दुसरं, जोडलेले रस्ते. इथं माझ्या घरचंच सांगतो. आमच्या कॉलनीचा रस्ता वीस फुटी, शेजारच्या लेआउटचा तीस फुटी, आणि दोन्हींच्या मधे कुणाच्या तरी कंपाउंडची भिंत, कारण दोन्ही जमिनी वेगवेगळ्या वेळी बिगरशेती झाल्या आणि मंजुरी देणाऱ्यानं दोन नकाशे एकमेकांशेजारी ठेवून बघितलेच नाहीत. वडिलांना रात्री अॅटॅक आला तेव्हा अँब्युलन्स त्या भिंतीपर्यंत आली, परत फिरली, मोठा वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आली. ती वीस मिनिटं मी कधी विसरणार नाही. शहरालगतची पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, सगळीकडं हेच चाललंय, आधी गुंठे विकायचे, घरं उठवायची आणि मग रस्ता शोधायचा. परत आता एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं ते, सुद्धा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, म्हणजे रस्ता कागदावर रुंद आणि जाग्यावर बोळ असला तर वर सहा मजले आणि खाली दोन गाड्या समोरासमोर. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली ती आखून वसवली. हे आपल्याच गावात होऊन गेलंय, कुठल्या परदेशातलं नाही.

हद्दवाढीवर, म्हणजे शेजारची गावं शहरात घेण्यावर, लई भांडू नका. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली पण हद्द तीच राहिली, आणि २०१७ ला आजूबाजूच्या ४२ गावांच्या नियोजनासाठी वेगळं प्राधिकरण झालं. गावातल्या लोकांना घरफाळा वाढेल, जमिनीवर आरक्षण पडेल (म्हणजे आराखड्यात ती सार्वजनिक कामासाठी राखली जाईल) याची भीती आहे आणि ती खोटी नाही. माझं मत हद्दवाढीच्या बाजूचं आहे, पण तुमच्या मीटिंगमध्ये तो विषय घेतला तर दोन तास त्यातच जातील. ओढा आणि रस्ता हद्द बघून थांबत नाहीत, दोन्हीकडच्या नकाशांत ते जुळले पाहिजेत एवढं मागा.

गार्डन, शाळा, दवाखाना यांची आरक्षणं मागा, पण लहान मागा आणि घेता येतील अशी मागा. महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या (एमआरटीपी) १२७ कलमानं आराखडा लागू झाल्यावर १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत काही हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. मोठी आरक्षणं पैशाअभावी अशीच उडतात, पोरांचं मैदान जातं. त्यापेक्षा लेआउटमधली ओपन स्पेस जी आधीच कागदावर आहे ती मोजून घ्या, तिच्यावर कुणाचं शेड, कुणाची गाडी उभी आहे ते बघा. पार्किंग-फ्लायओव्हर यादीतनं काढा, ते तुमच्या वॉर्डाचं काम नाही.

आता लिहायचं कसं. प्रारूप (कच्चा) आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीला ३० दिवस असतात, मग नियोजन समितीपुढं सुनावणी, तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. त्यांच्यापुढं 'आमच्या भागाचा विकास करावा' असा अर्ज गेला तर त्याचं काही होत नाही. सर्व्हे नंबर, ओढ्याची रुंदी फुटात, फोटो, आणि 'अमुक नंबरच्या दक्षिण हद्दीनं जाणारा ओढा नकाशात दाखवलेला नाही तो दाखवावा' असं एक वाक्य. एका मुद्द्याला एक अर्ज, आणि प्रत्येक घरानं वेगळा, सह्यांचा एकच गठ्ठा नको.

रविवारी मीटिंगला भूमी अभिलेखमधनं जुना गाव नकाशा काढून घेऊन जा, त्यात ओढे दिसतात. आणि वळीव जोरात झाला की कॉलनीतल्या पोरांना घेऊन ओढ्याच्या कडेनं चाला, पाणी जिथवर चढलं तिथं भिंतीवर खडूनं रेघ मारा, तारीख लिहा, फोटो काढा. अर्जाचा मसुदा झाला की मला दाखवा, नंबर नकाशाशी ताडून देतो.