सपाट रस्ता म्हणून सोपा समजू नका: बोर्डी ते सफाळे, एकट्याने

तुम्ही लिहिलंय की आजवर दादरहून नरिमन पॉइंट, फार तर बोरिवलीपर्यंत सायकल चालवली आहे. आता थंडीत एकट्याने विरारहून बोर्डीला जायचंय, घाट नाही, म्हणजे जमेल ना? जमेल, नक्की जमेल. फक्त 'घाट नाही म्हणजे सोपं' हा हिशेब सोडा आणि दिशा उलटी करा. आदल्या दिवशी ट्रेनने डहाणू गाठा, त्याच्या उत्तरेला बोर्डीला मुक्काम करा आणि सकाळी दक्षिणेकडे निघून सफाळ्याला संपवा. साधारण ९० किमी होतात.

दिशेचं कारण वारा. थंडीत आपल्या किनाऱ्यावर सकाळी वारा पडलेला असतो, नाहीतर जमिनीकडून हलका येतो. अकरा-बाराला जमीन तापली की तो समुद्रावरून सुटतो आणि या दिवसांत बहुतेक वेळा वायव्येकडून येतो. म्हणजे बोर्डीकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर, तेही पाय थकल्यानंतर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. तुम्ही ताशी २० किमीने चाललात आणि समोरून ताशी १० किमीचा वारा असला तर तो विरोध सव्वादोन पट होतो. घाटात निदान माथा दिसतो आणि पलीकडे उतार मिळतो. सपाटीवर समोरून वारा लागला की तो संध्याकाळपर्यंत सोडत नाही. दक्षिणेकडे आलात तर तोच वारा पाठीशी राहतो.

सपाटीचा दुसरा त्रास कमी लोक सांगतात. उतार नाही, म्हणजे पायांना फुकटची विश्रांती नाही. तासन्‌तास तीच बैठक, हँडलवर तीच पकड. मग करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळव्याच्या कडेने जाणारी नस दबते. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी हाताची जागा बदला, अधूनमधून पेडलवर उभे राहून चालवा. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत काही घालू नका आणि मांड्यांना व्हॅसलिन लावा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बहुतेकांचा दिवस पायांमुळे नाही, कातडी सोलवटल्यामुळे बिघडतो.

बोर्डीहून फटफटलं की निघा. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, साडेसहा-पावणेसातला रस्ता दिसायला लागतो. घोलवड, चिखले, नरपड, डहाणू हा टप्पा दिवसातला सगळ्यात सुंदर. उजवीकडे सुरूची झाडं आणि समुद्र, डावीकडे चिकूच्या वाड्या (घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं). इथे वेग वाढवण्याचा मोह होतो, तो आवरा. बीआरएमवाले (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड भरवणारे) २०० किमीला साडेतेरा तास देतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किमीच्या आत-बाहेर. तुम्हालाही तेवढंच पुरेसं आहे.

डहाणूहून वाणगाव आणि तिथून चिंचणी. दोन्ही बाजूंना शेतं, मिरचीची लागवड, कापणी होऊन गेलेली भाताची खाचरं, खळ्यात उडव्या. लोक थांबवून विचारतील, 'कुठून आलात? एकटेच?' दोन मिनिटं थांबा आणि नीट उत्तर द्या. ग्रुपमध्ये जाणाऱ्याला कोणी असं विचारत नाही. एकट्याने जाण्यातलं माझं सगळ्यात आवडतं सुख हेच आहे. पाणी, सावली, पुढच्या रस्त्याची खरी माहिती, सगळं याच बोलण्यातून मिळतं. आणि खरं सांगतो, चाळीस-पन्नास किमीनंतर आपल्यालाही माणसाच्या आवाजाची गरज असते.

चिंचणी ते बोईसर सांभाळून. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र (१९६९ पासून चालू) आणि एमआयडीसी, दोन्ही इथेच, त्यामुळे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस. फोटो नको, गाणी नको, सरळ पालघर गाठा आणि तिथे पोटभर जेवा.

जेवणानंतर ऊन भाजून काढतं, म्हणून तो वेळ माहीम-केळव्यासाठी राखून ठेवा (पालघरचं माहीम, आपलं मुंबईतलं नव्हे). नारळ-सुपारीच्या वाड्या, पानवेलींचे मांडव, रस्त्यावर सावली. केळव्याहून माकुणसारवरून सफाळे, तोवर वाऱ्याने जोर धरलेला असेल आणि तो तुम्हाला ढकलेल.

पाणी दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, तहान लागायच्या आधी. नुसतं पाणी पीत राहू नका, एका बाटलीत ओआरएस घाला. कुत्री मागे लागली तर सायकल पळवू नका. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरा, शांतपणे चालत पुढे जा.

पंक्चरसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या सायकलला प्रेस्टा व्हॉल्व (हवा भरायचं बारीक, लांबट तोंड) असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याची हवेची नळी त्याला लागत नाही, ती मोटरसायकलच्या व्हॉल्वला बसते. पितळेचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते खिशात हवंच. ७०० सी मापाच्या (रोड बाइकच्या चाकांच्या) ट्यूबही तिकडे सहज मिळत नाहीत, दोन जवळ ठेवा. बाभळीचा काटा लागला असेल तर नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून तो शोधा, नाहीतर तीही लगेच बसेल.

घरचे एकट्याने सोडायला तयार नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. त्यांना नकाशा दाखवा. डहाणू रोड, वाणगाव, बोईसर, उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे: रेल्वे सबंध दिवस तुमच्या डाव्या हाताला आहे आणि २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. कुठेही शरीराने नको म्हटलं तर काही किमीवर स्टेशन आहे. पहिल्या एकट्या राइडसाठी मी हाच रस्ता सुचवतो, तो त्यामुळेच. लाइव्ह लोकेशन एकाच माणसाला द्या आणि प्रत्येक स्टेशनच्या गावातून त्याला फोन करा. सायकलच्या लगेज तिकिटाची चौकशी दादरलाच आधी करून ठेवा. परतताना सफाळ्याला पाचच्या आत पोचायचं बघा, म्हणजे घाई न करता लगेजच्या डब्यापाशी उभं राहता येईल.