दुखण्यावर दोन गोळ्या एकदम?

प्रश्न : आईचे (वय ६४) गुडघे फार दुखतात. डॉक्टरांनी दिलेल्या एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलच्या गोळीनं भागत नाही, म्हणून रात्री ती दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकही घेते. तिला बीपीची गोळी सुरू आहे. चालेल का?
— एक वाचक भगिनी, महाल, नागपूर

उत्तर : नाही ताई, रात्रीची ती डायक्लोफेनॅक आजच बंद करा. माझ्या ओपीडीत ही जोडी सतत दिसते आणि दर वेळी काळजी वाटते. एसिक्लोफेनॅक आणि डायक्लोफेनॅक एकाच घराण्यातल्या. दोन्ही घेऊन आराम फारसा वाढत नाही. पोटात रक्तस्राव आणि किडनीला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. त्यात बीपीचं औषध, आणि आपला मे महिना! अंगातलं पाणी कमी झालं की किडनीवर आधीच ताण असतो.

पॅरासिटामॉल वेगळ्या पद्धतीनं काम करतं, म्हणून त्याची जोड उपयोगी पडते. पण ते आईच्या गोळीत आहेच, बहुधा ३२५ मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळ्यांतही असतं. सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी.

सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, गुडघ्याला लावायच्या जेलबद्दलही विचारा. शौचाला काळी झाली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न बघता मेयो किंवा मेडिकल ही सरकारी रुग्णालयं गाठा.